हिरव्या लोकरीची लडी

पक्षपंधरवड्यात कोणी समुद्रावर सुटीला जात नाही. मी 2024 च्या सप्टेंबरात गेले, आणि जाताना कापडी पिशवीत अण्णांचा अडतीस वर्षांचा जुना स्वेटर घेऊन गेले. भावाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, नवमीला आईचे आणि दशमीला अण्णांचे असते. तू यंदा येणार नाहीस का?" आई 2011 मध्ये, अण्णांच्या आधी गेली, म्हणून तिचे अविधवा नवमीला होते, आणि अण्णांची तिथी दशमीची असल्यामुळे त्यांचे लगेच दुसऱ्या दिवशी येते. भाऊ बेंगळुरूला दोन्ही दिवस गुरुजींना बोलावून सगळे यथासांग करतो. तिथे माझ्या वाट्याला खीर ढवळण्यापलीकडे फारसे काम नसते, आणि खीर भावजय माझ्यापेक्षा चांगली करते. "मी गुहागरला जाते आहे," मी त्याला सांगितले, "अण्णांचा हिरवा स्वेटर उसवायचा आहे." या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे त्याने विचारले नाही. विचारले असते तर तेव्हा मलाही नीट सांगता आले नसते.

तो स्वेटर मी 1986 मध्ये विणला होता. अण्णा तारखात्यात होते. पुण्याच्या तारघरात बरीच वर्षे काढल्यावर त्यांची दोन वर्षांसाठी महाबळेश्वरला बदली झाली, आणि पावसाळ्यात तिथे अंथरूणसुद्धा ओले लागते असे पत्र आल्यावर आईने मला लक्ष्मी रस्त्यावर नेऊन लोकर घेतली. लुधियानाची शुद्ध लोकर, चार पदरी, बाटलीच्या हिरव्या रंगाची. कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम लोकर, बरेच स्वस्त होते, पण धुक्यात कॅशमिलॉनचा काही उपयोग नाही असे आईचे ठाम मत होते. मी एकवीस वर्षांची होते आणि तोवर मफलर, टोपडी आणि एक बिनबाह्यांची बंडी एवढीच माझी कमाई होती. पूर्ण बाह्यांचा, व्ही गळ्याचा पुरुषी स्वेटर मी प्रथमच घेतला होता. खालची पट्टी बारा नंबरच्या सुयांवर, वरचा भाग दहा नंबरवर. सगळे सुरळीत चालले असताना डावी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली.

विणणाऱ्या प्रत्येकीवर हा प्रसंग एकदा तरी येतो. लोकर रंगवताना एका खेपेला जेवढी रंगते तेवढीच एका छटेची असते, आणि पुढच्या खेपेचा रंग नंबर तोच असला तरी जरासा वेगळा उतरतो. म्हणून लेबलावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर छापलेला असतो आणि शहाण्या बायका आधीच दोन लड्या जास्त घेऊन ठेवतात. मी तेव्हा शहाणी नव्हते. अण्णा रजेवर आले तेव्हा त्यांनी लेबलावरचा लॉट नंबर खिशातल्या डायरीत दोनदा लिहून घेतला. आकडा चुकू नये म्हणून तो दोनदा लिहायचा, ही त्यांची सवयच होती. ती डायरी घेऊन त्यांनी तीन दुकाने पालथी घातली, पण तो लॉट संपला होता. शेवटी मिळाली ती लोकर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब दिसली आणि विणून झाल्यावर गच्चीत उन्हात धरली तेव्हा डावी बाही कोपरापासून वर एका छटेने फिकी निघाली. मला रडू कोसळायचे तेवढे बाकी होते. अण्णांनी स्वेटर अंगात घातला, हात वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "महाबळेश्वरला ऊन असते कुठे?" पुढे पुण्याच्या लख्ख उन्हातही तो त्यांनी तीसएक हिवाळे वापरला, आणि बाहीबद्दल कोणी बोलले तर हेच उत्तर देत राहिले.

ते 2022 च्या जानेवारीत गेल्यावर त्यांचे कपडे वाटताना तेवढा स्वेटर मी ठेवून घेतला. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, पण डांबराच्या गोळ्या टाकायच्या राहून गेल्या. इतकी वर्षे दुसऱ्यांना लोकर कशी जपावी हे सांगणाऱ्या बाईकडून हे व्हावे, याची मला अजून लाज वाटते. अडीच वर्षांनी ट्रंक उघडली तर कसर लागलेली होती. दोन्ही बाह्यांचे कोपर चाळणीसारखे झाले होते, पाठीच्या खालच्या पट्टीला तीन भोके होती आणि हात लावला की बारीक भुकटी पडत होती. रफू करण्यासारखी अवस्था नव्हती आणि टाकून देणे शक्य नव्हते. तेव्हा उरला तो एकच मार्ग, आणि तो आमच्या घरात नेहमीचाच होता. आई दर दोन-तीन वर्षांनी मुलांचे आखूड झालेले स्वेटर उसवून, धुऊन, त्याच लोकरीचे पुढच्या मापाचे स्वेटर विणत असे. फरक एवढाच होता की तिला उसवताना कधी जड गेले नव्हते, आणि मी मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती पिशवी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत होते.

ज्यांनी कधी उसवलेले नाही त्यांना वाटते की एक टोक धरून ओढत सुटले की झाले. प्रत्यक्षात आधी शिवण सोडवावी लागते. स्वेटर म्हणजे पाठ, पुढा, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी असे पाच तुकडे असतात आणि ते त्याच लोकरीने एकमेकांना जोडलेले असतात. शिवणीच्या धाग्याऐवजी विणीचा धागा कापला गेला तर पुढची प्रत्येक ओळ तुटक निघते. या स्वेटरची शिवण आईची होती, कारण तेव्हा माझी शिवण दोरखंडासारखी जाड होत असे आणि तिला ते बघवत नसे. तिने दोन कडांचे टाके असे समोरासमोर बसवले होते की शिवण कुठे आहे हे शोधायलाच चष्म्याबरोबर भिंग लागले. बोथट सुईने एकेक वेढा उचलायचा, खात्री करायची, मग कात्री लावायची. एका खांद्याला एक संध्याकाळ लागली. तिसऱ्या संध्याकाळी पाच तुकडे सुटे झाले, तेव्हा तिने आत लपवलेली धाग्याची टोके दिसली. प्रत्येक टोक तिने चांगले वीतभर लांब सोडले होते. पुढे कधीतरी हे उसवायला लागणार, हे तिने शिवतानाच धरून चालले होते.

तुकडे सुटे केल्यावर घरी पुढचे काम होईना. कधी बेल वाजे, कधी फोन, कधी मीच उठून कपाट आवरायला घेई. सलग तीन दिवस, एक लांब पडवी आणि कोणी "काय करते आहेस?" म्हणून न विचारणारी जागा मला हवी होती. गुहागर सुचले ते अण्णांमुळे. त्यांचा जन्म तिथला. मॅट्रिकनंतर ते पुण्याला आले, पुढे घर विकले गेले, आणि निवृत्त झाल्यावर महिनाभर तिथे जाऊन राहायचे हा बेत 1994 पासून दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला गेला. मी स्वतः लहानपणी मे महिन्यात दोन-तीनदा गेले होते. त्यातले आता आठवते ते एवढेच, की चटका बसणाऱ्या वाळूवर अण्णा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून चालत आणि पाण्यात मात्र घोट्यापलीकडे कधी जात नसत. समुद्राकाठच्या माणसाला समुद्राची भीती नसते असे म्हणणाऱ्यांनी समुद्राकाठची माणसे पाहिलेली नसावीत.

स्वारगेटहून रात्रीची एसटी धरली. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले आहे. कंडक्टरने ते फाडून हातात दिले तेव्हा लहानपणच्या अर्ध्या तिकिटाची आठवण होऊन उगाचच बरे वाटले. उंब्रजला हमरस्ता सोडून पाटण, कोयनानगर करत गाडी कुंभार्ली घाटात शिरली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि काचेतून पाणी आत येत होते. मी पिशवी मांडीवर घेऊन वर शाल गुंडाळली. नवमीच्या दिवशी उजाडता चिपळूण मागे पडले आणि गुहागरच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाऊस नुकता थांबून पागोळ्या गळत होत्या. जवळच व्याडेश्वराचे देऊळ आहे. तिथे आधी जाऊन आले, कारण न जाता पुढे गेले असते तर अण्णांना ते खपले नसते.

उतरायची जागा खालचा पाट या वस्तीत, जुन्या कौलारू घरात होती. समोर रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीतून पायवाटेने शंभरेक पावले गेले की सुरूची झाडे आणि त्यापलीकडे समुद्र. गणपतीची गर्दी ओसरलेली आणि दिवाळीची अजून यायची, त्यामुळे पाहुणी मी एकटीच होते. घरच्या वहिनी साधारण माझ्याच वयाच्या. पक्षात कोणी कशाला येईल, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, पण त्यांनी चहा आणि काकडीचे घारगे पुढे ठेवले आणि मी पडवीत हिरवे तुकडे मांडून बसले.

पाठीपासून सुरुवात केली. विणकाम खालून वर गेलेले असते, म्हणून उसवताना वरच्या, टाके बंद केलेल्या कडेचे टोक शोधावे लागते. खालच्या कडेकडून ओढले तर धागा गाठीत अडकून तुटतो. टोक सापडले, आणि पहिली ओळ खरखर आवाज करत सुटली. त्या मापाच्या एका ओळीत दीड-पावणेदोन मीटर धागा असतो. तो शेवयांसारखा नागमोडी होऊन हाताखाली साठत गेला. काखेपाशी घामाने आणि धुण्याने लोकर एकजीव झाली होती, तिथे टाका टाका सोडवावा लागला. बाकी पाठ भराभर सुटली.

आणि तेव्हा एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षे विणकाम करूनही मला ठाऊक नव्हती. सुटलेला धागा एका रंगाचा नव्हता. बोटभर फिका, बोटभर गडद, पुन्हा फिका, पुन्हा गडद. टाक्याचा जो भाग बाहेर होता त्याला अडतीस वर्षांचे ऊन लागले होते आणि जो शेजारच्या टाक्याखाली दबलेला होता तो दुकानातून आणला तसा, बाटलीसारखा हिरवागार राहिला होता. मी डाव्या बाहीचे वरचे, दुसऱ्या लॉटचे टोक आणून त्याच्याशेजारी धरले. त्यातला दबलेला भाग आणि पाठीतला दबलेला भाग यांत तो जुना फरक अजून दिसत होता. बाहेरचे भाग मात्र दोन्हीकडे सारखेच विटले होते. मला ज्या फरकाची वर्षानुवर्षे बोच होती, तो वरून कधीच पुसला गेला होता, आणि अण्णांना उत्तर देत राहायची सवय तेवढी उरली होती.

उसवलेली लोकर तशीच विणता येत नाही. तिच्यातले वळ काढायला ती भिजवावी लागते, आणि भिजवायची तर आधी लडी करावी लागते. वहिनींकडून एक लाकडी खुर्ची मागून घेतली, उलटी केली आणि तिच्या दोन पायांभोवती धागा गुंडाळत गेले. मग ती गुंतू नये म्हणून चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने, आठाच्या आकड्यासारखा वेढा घेऊन, सैलसर बांधली. पाठ आणि पुढा मिळून दोन लड्या झाल्या, उजव्या आणि डाव्या बाहीचा कोपरावरचा भाग मिळून तिसरी. कोपरांच्या जागी कसरीने प्रत्येक ओळ दोन-तीनदा तोडली होती. तिथले वीत-वीत तुकडे एका पाकिटात भरले. पुण्याहून निघताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्वेटर 440 ग्रॅम भरला होता. कामाची लोकर 350 च्या आसपास असावी.

लडी करणे हे आमच्या घरी आईचे आणि माझे काम होते, पण लडीचा गुंडा करताना ती धरायची कोणी, तर अण्णांनी. यात कधी बदल झाला नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या की ते पाटावर मांडी घालून बसत, दोन्ही हात पुढे करत, तळवे समोरासमोर आणि अंगठे वर, आणि आई लडी त्यांच्या हातांवर चढवत असे. लडी धरणे म्हणजे नुसते हात पुढे करून बसणे नव्हे. धागा ज्या हातावरून सुटायचा असेल तो हात किंचित आत कलवायचा, म्हणजे तो अंगठ्यावरून न अडकता निसटतो. मग लगेच दुसरा हात. हे उजवे-डावे गुंडाळणारीच्या वेगाशी जुळले नाही तर धागा ताणला जातो, गुंडा घट्ट होतो, आणि घट्ट गुंड्यातली लोकर विणताना तार होते. अण्णांचे हात हे आपोआप करत. डोळे रेडिओकडे असत. तारा पाठवायच्या मोर्सच्या कडकट्ट चावीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनगटात ते असावे, असे आपले मला वाटते. मध्येच ते "माझे नाक खाजव गं," म्हणून मला हाक मारत, कारण दोन्ही हात गुंतलेले असत. चहा समोर निवत असे. आई म्हणे, "दोन वेढे राहिले," आणि ते कधीही दोन नसत.

विणकाम आईचे आणि माझे, असेच आम्ही सगळे म्हणत असू. अण्णांना टाकासुद्धा घालता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दशमीला, सकाळी भावाचा फोन आला. मागे मंत्र ऐकू येत होते. त्याने विचारले, "तू काय करते आहेस?" मी म्हटले, "धुते आहे." रिठे रात्रीच भिजत घातले होते. कोमट पाण्यात त्यांचे पाणी मिसळून लड्या अर्धा तास बुडवून ठेवल्या. आधी पिवळट तपकिरी पाणी निघाले, मग दुसऱ्या पाण्याला हिरवट झाक आली. लोकर पिळायची नसते. पंचात गुंडाळून, वर हाताने दाबून पाणी टिपून घ्यायचे, आणि मग लडी टांगून खाली थोडे वजन लावायचे, म्हणजे वळ सरळ होतात. वाडीतले दोन असोले, म्हणजे न सोललेले, नारळ त्या कामाला आले. पडवीच्या वाशाला तीन हिरव्या लड्या आणि त्यांना लोंबणारे नारळ, हे दृश्य पाहून वहिनींचा नातू शाळेला जायचा थांबला.

इथे माझा हिशोब चुकला. पुण्यात एवढी लोकर दीड दिवसात वाळते. गुहागरला सप्टेंबरात हवेतच इतके पाणी असते की मिठाच्या बरणीत चमचा उभा राहत नाही, बुडतो, आणि त्यात दुपारी पुन्हा सर आली. संध्याकाळी हात लावून पाहिले तर लड्या सकाळपेक्षा जास्त ओल्या असाव्यात अशी शंका आली. वहिनी धान्य निवडत होत्या. न राहवून म्हणाल्या, "ताई, या दिवसांत इथे पापड वाळत नाहीत, तुमची लोकर कुठली वाळायला?" आणि मग स्वतःच उठून त्यांनी मार्ग काढला. मागच्या पडवीत आंघोळीचे पाणी तापवायची चूल होती. तिच्यावर, पुरेशा उंचीवर, बांबू आडवा बांधलेला होता. तिथे नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, सुकत टाकलेली होती. ती बाजूला सारून त्यांनी लड्या टांगल्या. धुराचा वास लागेल, हे मी बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "वास लागेल हो. पण कसर नाही लागायची."

रात्री पाऊस कौलांवर वाजत होता आणि मी जागी होते. मनात अण्णांचे शेवटचे दीड वर्ष येत होते. 2020 च्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. घरी व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने हाताला काहीतरी ओळखीचे काम द्या, असे सांगितले. मला वाटले, याहून ओळखीचे काम कोणते? मी एक लडी आणली आणि पलंगावर बसलेल्या अण्णांच्या हातांवर चढवली. उजवा हात बरोबर कलला, अंगठा वर, जसा कायम होता तसा. डावा हळूहळू खाली आला आणि लडी घसरून चादरीवर पडली. अण्णांनी तिच्याकडे पाहिले. मी पटकन लडी उचलली, "राहू दे, नंतर करू," म्हटले, आणि खोलीबाहेर नेली. त्यांनी पुन्हा मागितली नाही. त्यानंतर मी तयार गुंड्यांचीच लोकर घ्यायला लागले आणि लडी घरात आणली नाही. एक टोक पलंगाच्या दांडीला अडकवून दुसरे त्यांच्या उजव्या हातात देता आले असते, हे मला ते गेल्यावर सुचले. इतकी सोपी गोष्ट होती ती.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. चुलीवरच्या लड्यांपैकी सर्वांत पातळ, म्हणजे बाह्यांची, हाताला कोरडी लागत होती. बाकीच्या दोन अजून गार होत्या. वहिनींनी विचारले, "धरू का मी?" मी नको म्हटले, आणि जरा तुटकच म्हटले. लडी घेऊन वाडीतून समुद्रावर गेले. एकटीने गुंडा करायचा असेल तर बायका पाय पोटाशी घेऊन, दोन्ही गुडघ्यांवर लडी अडकवतात. मी सुरूखाली तशी बसले. भरती उतरत होती. पावसाळ्यातला गढूळपणा पाण्यात अजून होता, आणि दूर दोन होड्या एकाच जागी खिळल्यासारख्या दिसत होत्या. बराच वेळ किनाऱ्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हते, फक्त बिळातून डोके काढून बघणारे बारीक खेकडे.

पंचवीस-तीस वेढे व्यवस्थित झाले. गुडघे कलत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेढा हाताने सोडवून घ्यावा लागत होता, आणि एकोणसाठाव्या वर्षी त्या बैठकीत कंबर बोलायला लागते. मध्ये वाऱ्याचा एक झोत आला, मी शाल सावरायला एक पाय हलवला, आणि लडी गुडघ्यावरून सुटून वाळूत पडली. ओली वाळू, धुतलेली लोकर, आणि पांढऱ्या दोऱ्यांच्या गाठी मी आधीच सोडून टाकलेल्या. उचलताना ती आणखी गुंतली. मी तिथे बसून थोडी रडले हे खरे आहे. सगळे अण्णांसाठी होते असे म्हणता येणार नाही, निदान अर्धे तरी त्या गुंत्यासाठी होते.

परत येऊन मी वहिनींना म्हटले, "धरता का?" त्यांनी काही न विचारता हात पदराला पुसले आणि पडवीच्या पायरीवर बसल्या. गुंता सोडवण्यातच अर्धा-पाऊण तास गेला. त्या धागा न ओढता, दोन्ही हातांनी गुंता फुलवत सैल करत होत्या. जाळी सोडवताना असेच करतात, म्हणाल्या. मग लडी त्यांच्या हातांवर चढवली. सुरुवातीला त्यांनी विहिरीचा रहाट धरावा तसे हात ताठ धरले होते. मी सांगितले, सैल सोडा, ज्या बाजूने धागा येतो तो हात जरा आत घ्या. दहा-बारा वेढे चुकत गेले आणि मग कधी जमले ते कळले नाही. वहिनी सुनेच्या नोकरीबद्दल, पोफळीवरच्या रोगाबद्दल, यंदा सुपारी गळल्याबद्दल बोलत होत्या, हात आपले उजवे-डावे कलत होते आणि अंगठे वर होते. मध्येच म्हणाल्या, "अजून किती आहे हो?" मी म्हटले, "दोन वेढे राहिले." ते दोन नव्हते.

गुंड्याला धुराचा वास येत होता. दोन दमट लड्या प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता सुती पंचात गुंडाळल्या. निघताना वहिनींना पैसे दिले ते त्यांनी खोलीचे तेवढेच मोजून घेतले. पुढच्या वेळी त्यांच्या नातवासाठी टोपी आणीन असे म्हटले, तर म्हणाल्या, "इथे टोपी कुठे घालायची? तुम्ही नुसत्याच या."

2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा लोक रांगा लावून आठवण म्हणून शेवटच्या तारा पाठवत होते. भावाने अण्णांना विचारले होते, जायचे का? अण्णा म्हणाले होते, "पाठवायला काही मजकूर नको का?" परतीच्या गाडीत घाट चढताना हे का आठवले कोण जाणे. भावाला फोन लावला. छाती किती विचारली. चाळीस म्हणाला, म्हणजे अण्णांचेच माप. पूर्ण बाह्यांचा होणार नाही, लोकर कमी आहे, पण बेंगळुरूच्या थंडीला बिनबाह्यांचा पुरेल, असे मी सांगितले. तो म्हणाला, "ताई, हिरवाच ना?" मी म्हटले, "हिरवाच, पण ठिपक्याठिपक्यांचा होईल."

कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटे थांबणार होती. बाकीचे चहाला उतरले. मी खिडकीपाशी बसून बारा नंबरच्या सुया काढल्या आणि त्या एकाच कोरड्या गुंड्यातून पाठीचे टाके घालायला घेतले. फिका, गडद, फिका असे ते सुईवर चढत गेले. प्रत्येक टाक्याबरोबर धाग्यातून एक-दोन कण वाळू गळत होती. 130 टाके झाले तेव्हा मांडीवरच्या शालीत चिमूटभर वाळू जमली होती. ती खिडकीबाहेर झटकली, सुई हातातल्या हातात बदलली आणि पट्टीची पहिली ओळ सुरू केली, एक सुलट, एक उलट.